मुजावरचं टेबल

आमच्या सेक्शनमध्ये दुपारचं जेवण मुजावरच्या टेबलावर व्हायचं, कारण त्या टेबलावर दुसरं काही होतच नसे. खिडकीजवळचं चांगलं ऐसपैस टेबल, वर हिरवं कापड, त्यावर काच, आणि काचेवर ना फाइल ना टाचणी. दीड वाजला की कुणीतरी तिथे वर्तमानपत्र पसरायचं आणि एकेक डबा उघडायचा. पराठे, राजमा, माझी मटकीची उसळ, सगळं तिथे. नवा माणूस रुजू झाला की विचारायचा, "ये किसकी सीट है?" मग कुणीतरी घास गिळत सांगायचं, "मुजावर की. वो खेलता है."

"वो खेलता है" एवढीच त्याची ऑफिसातली ओळख. दस्तगीर मुजावर, मूळचा कोल्हापूरचा. तिथल्या तालमीच्या फुटबॉल संघातून वर आला, कलकत्त्याला एका क्लबकडून पगारी खेळला, आणि मग खेळाडूंच्या कोट्यातून आमच्या मंत्रालयात क्लार्क म्हणून लागला. ऑफिसच्या संघातून खेळायचं आणि दिल्लीतल्या एका क्लबकडूनही. सकाळी दहाला यायचा, हजेरीवर सही करायचा, उभ्या उभ्या चहा प्यायचा आणि "येतो वैनी" म्हणून प्रॅक्टिसला निघून जायचा. याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. संघ जिंकला की मंत्र्यांबरोबर फोटो निघायचा, त्यात आमचे सेक्शन ऑफिसर अगदी पुढे घुसायचे.

तो मला वैनी म्हणायचा कारण लक्ष्मीबाई नगरात आमचे क्वार्टर एकाच ब्लॉकमध्ये. आम्ही वर, तो खाली. आमच्या ह्यांच्याशी त्याची आधी ओळख झाली, म्हणून मी वैनी. ऑफिसात सगळ्यांची मी मिसेस कर्णिक, पण हा मात्र भर कॉरिडॉरमध्ये "ओ वैनी" म्हणून अशी हाक मारायचा की चार सेक्शनमधली माणसं माना बाहेर काढायची. त्याची बायको मुमताज उन्हाळ्यात गच्चीवर मिरच्या वाळत घालायची आणि कांदा-लसणाची चटणी कुटायची. त्या दिवशी अख्खा ब्लॉक शिंकत असे. खालचे मद्रासी अंडर सेक्रेटरी एकदा तक्रार करायला गेले आणि वाटीभर चटणी घेऊन परत आले.

दिल्लीला त्याचं काय करावं ते कधी कळलं नाही. नाव मुसलमानाचं, म्हणून सगळ्यांना वाटायचं, याचं उर्दू फर्मास असणार. "मुजावर साहब, कोई शेर हो जाए," असा आग्रह व्हायचा. हा शांतपणे सांगायचा, "शेर चिड़ियाघर में है. बस जाती है उधर." त्याचं हिंदी म्हणजे "मेरेकू" आणि "नक्को". ते ऐकून लखनौच्या एका गृहस्थांनी कानावर हात ठेवलेले मी स्वतः पाहिलेत. आणि दिल्ली गेटजवळच्या स्टेडियमवरचे प्रेक्षक त्याला काय म्हणायचे, तर "मराठा". लेफ्ट आऊटला, म्हणजे मुजावरच्या डाव्या कडेला, बॉल गेला की ओरडा सुरू, "भाग मराठे, भाग!" तो मला म्हणायचा, "वैनी, कोल्हापुरात कुणी मला मराठा म्हटलं तर गल्ली हसंल की वो."

खेळायचा मात्र काय! मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. आमचे हे एकदा बळजबरीनं घेऊन गेले होते. इकडे घरात आणि ऑफिसात अंग चोरून वावरणारा, दारातून आधी दुसऱ्याला जाऊ देणारा हा माणूस मैदानाच्या त्या डाव्या कडेनं असा सुटला की माझ्या हातातले शेंगदाणे हातातच राहिले. मी बाकावर उभी राहिले होते म्हणे, असं आमचे हे घरी आल्यावर सांगत होते.

मग एक दिवस त्याच्या मुलीला शाळेत बाईंनी विचारलं, तुझे वडील काय करतात? पोरगी म्हणाली, "मेरे पापा ऑफिस में साइन करते हैं." मुमताजनं हसत हसत मला सांगितलं, मी हसले, जिन्यात उभ्या असलेल्या दोघीतिघी हसल्या. मुजावर पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होता. तो हसला नाही. नाडी बांधून झाली तरी तो वाकूनच बसला होता.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी तो आमच्या दारात.

"वैनी, बूट ठिवलं."

"कुठं ठेवले?"

"ठिवलं म्हंजे ठिवलंच. क्लबाच्या सेक्रेटरीला सांगून आलोय. उद्यापासनं खुर्चीत बसनार. मला काम शिकवा."

मी म्हटलं, "अहो मुजावर, डोकं ठिकाणावर आहे ना? लोक खुर्चीतून उठायला मिळावं म्हणून देव पाण्यात घालून बसतात. तुम्हाला सरकार पगार देऊन मैदानावर पाठवतंय, वर टाळ्या मिळताहेत, आणि तुम्हाला फायली उपसायच्यात? आणि गुडघा एवढा काही गेला नाही तुमचा."

"न्हाई गेला. म्हनून तर." मग तो जे बोलला ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. "पायावर जगलो, वैनी. ह्ये पाय आजून दोनेक वरसं चालत्याल. मग लोक म्हननार, एक मुजावर हुता. म्हंजे पाय गेलं की मुजावरबी गेला. पाय सोडून मी कोन हाय का न्हाई, ते मला बगायचंय. आन् पाय चालू हाईत तवरच बगायचंय. नंतर बगितलं तर लोक म्हननार, बिचारा, दुसरं काय करनार."

मी गप्प झाले. मी गप्प होणं ही आमच्या घरात नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

सोमवारी तो आला तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. सही केली, चहा प्यायला, आणि खिडकीजवळ जाऊन खुर्चीत बसला. सगळ्यांना वाटलं, पाऊस असेल म्हणून थांबला. बाहेर रखरखीत ऊन. दीड वाजला, डबे निघाले, आणि आमचे लोक टेबलापाशी जाऊन थबकले. टेबलावर एक फाइल उघडी होती आणि मुजावर तिच्यात बोट ठेवून वाचत होता. "यार, खाना कहाँ खाएँगे?" एकानं विचारलं. मुजावर भला माणूस, लगेच उठायला लागला. मी डोळे वटारले. तो परत बसला. त्या दिवशी सेक्शननं खिडकीच्या कट्ट्यावर, कपाटाच्या डोक्यावर, जिथे जमेल तिथे डबे ठेवून जेवण उरकलं. दुपारभर सगळे धुसफुसत होते. "चार दिन का शौक है," असा निकालही देऊन झाला. मुजावरनं मात्र संध्याकाळी ओल्या फडक्यानं काच पुसली. लोणच्याच्या तेलाचे वर्षानुवर्षांचे डाग होते, ते काही लवकर निघेनात.

त्याच्या शिकण्याच्या काय काय गमती सांगू! एकदा फाइल साहेबांकडून परत आली, कोपऱ्यात लिहिलेलं, "प्लीज स्पीक". म्हणजे येऊन चर्चा करा, एवढाच त्याचा सरकारी अर्थ. हा माझ्याकडे न येता थेट साहेबांच्या खोलीत गेला आणि समोर उभा राहिला. साहेब वर बघतात तर हा ताठ उभा. "क्या बात है?" "आपने बोला, बोलो. मैं बोलने कू आया." साहेब म्हणाले, "तो बोलो." हा म्हणाला, "क्या बोलूँ?" दोघंही एकमेकांकडे बघत राहिले म्हणे. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "वैनी, पेनल्टी मारताना एवढं भ्या न्हाई वाटलं कधी."

फाइल टेबलावर ठेवून घेणं त्याला जमायचंच नाही. आमच्याकडे फाइल मुरवत ठेवायची पद्धत. लोणच्यासारखी. उद्या बघू, वरून आठवण आली की बघू. हा सकाळी आलेली फाइल दुपारी पुढे सरकवायचा. म्हणायचा, "बॉल लई वेळ पायात ठिवू ने, वैनी. कुनीतरी येऊन पाय मोडतोय." पुढचे टेबलवाले त्याच्यावर कावले. त्यांनाही मग काम करावं लागे ना!

आणि एक नेम त्यानं स्वतःशी केला होता. ऑफिसात पायानं काही करायचं नाही. आमचे सगळे लोक खालचा खण पायानं ढकलून बंद करायचे, कचऱ्याची टोपली पायानं सरकवायचे. मुजावर खाली वाकायचा आणि हातानं करायचा. एकदा कुणाचा तरी कागदाचा बोळा घरंगळत त्याच्या बुटापाशी आला. मी पाहत होते. पाऊल हललं. एवढंसं. मग तो वाकला, बोळा हातात घेतला, चालत टोपलीपर्यंत गेला आणि आत टाकला. सेक्शनमधल्या कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. मला वाटलं.

अडचण होती ती इंग्रजीची. आमचं सगळं लिखाण इंग्रजीत आणि मुजावरचं इंग्रजी म्हणजे फॉरवर्ड, कॉर्नर, ऑफसाइड. त्याला नुसत्या फायली पुढे ढकलायच्या नव्हत्या. स्वतः विषय समजून घेऊन त्यावर टिपण लिहायचं, ही त्याची जिद्द. त्याशिवाय बढतीसाठीच्या खात्याच्या परीक्षेला बसण्यात अर्थ नव्हता. एवढ्यात आम्हाला अंडर सेक्रेटरी आले त्रिपाठी साहेब. बनारसकडचे. शुद्ध, तुपातल्या हिंदीचे भोक्ते. त्यांनी जाहीर केलं, ज्याला हवं त्यानं हिंदीत टिपण लिहावं, आपण स्वतः वाचू. मुजावरचा चेहरा खुलला. लिपी तीच, शब्द पुष्कळसे तेच. "ह्ये जमंल, वैनी."

विषय त्यानंच शोधला. शिपायांचे गरम कोट. हिवाळा तोंडावर आला तरी कोट मिळत नव्हते, कारण दोन सेक्शन्स एकमेकांकडे बोट दाखवत होते. मुजावर दोन्हीकडे जाऊन आला, कागद जुळवले, आणि आठवडाभर दुपारचं जेवण सोडून टिपण लिहिलं. मी वाचून दाखवायला सांगितलं तर म्हणाला, "न्हाई. तुमी दुरुस्त केलं तर ते तुमचं हुतंय." इस्त्री केलेल्या रुमालासारखी ती फाइल त्यानं दोन्ही हातांवर धरून आत पाठवली.

दुसऱ्या दिवशी फाइल परत आली तेव्हा मी कॅश सेक्शनमध्ये गेले होते. येऊन बघते तर खुर्ची रिकामी. खुर्चीवरचा त्याचा कोट नाही, माणूस नाही. "निकल गया," कुणीतरी म्हणालं. "मुँह लाल था." तरी मला वाटलं, बरं नसेल. संध्याकाळी घरी त्यांचं दार बंद. दुसऱ्या सकाळी जिन्यात मुमताज भेटली, डोळे सुजलेले.

"वैनी, ह्येनी बूट काडलं वो परत. क्लबात जाऊन हो म्हनून आलं. मला म्हनाले, आपून पायाचंच मानूस, मुमताज. डोस्क्याचं काम आपलं न्हवं. सायबानं म्हनं चेष्टा केली."

त्रिपाठी साहेबांनी? चेष्टा? मी ऑफिसात पोहोचले ती तडक त्या फाइलकडे. मुजावरच्या सुबक, गोल अक्षरातलं टिपण, आणि खाली समासात हिरव्या शाईनं साहेबांचा शेरा:

"चेष्टा अच्छी की है."

खोटं कशाला बोलू, मराठी डोळा तो! चांगली चेष्टा केली आहे, असंच वाचलं मी आधी. म्हणजे काय, या माणसानं आठवडाभर उपाशी राहून लिहिलं आणि हा म्हणतो, सरकारची थट्टा चालवलीय? माझं डोकं असं सणकलं की मी दोन पावलं साहेबांच्या खोलीकडे टाकलीसुद्धा. आणि मग लख्खकन उजेड पडला. इतकी वर्षं दिल्लीत काढली होती मी. अगं बाई! हिंदीतली चेष्टा! चेष्टा म्हणजे प्रयत्न! साहेबांनी शाबासकी दिली होती हो, शाबासकी!

अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि निघाले. कॅनॉट प्लेसपासून दिल्ली गेटकडे जायला तेव्हा फटफटी, म्हणजे मोटरसायकलला जोडलेली रिक्षा, मिळायची. त्या धडधडणाऱ्या डब्यात चार अनोळखी पुरुषांच्या मध्ये पर्स कवटाळून बसले आणि मैदान गाठलं. प्रॅक्टिस चालू होती. विशीतल्या पोरांच्या मागे मुजावर धावत होता, जीव तोडून, कुणावर तरी सूड उगवावा तसा.

"मुजावर!" मी कडेला उभी राहून ओरडले. "इकडे या आधी!"

सगळा खेळ थांबला. तो धापा टाकत आला. "वैनी? तुमी हितं? घरी समदं बरं हाय न्हवं?"

"घरी बरं आहे. चेष्टा म्हणजे काय?"

त्याचा चेहरा पडला. "आता तुमीबी सुरू करा."

"अहो, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न! साहेबांनी लिहिलंय, प्रयत्न चांगला केला आहे. तुम्हाला शाबासकी दिलीय त्यांनी, आणि तुम्ही रुसून चड्डी घालून इथे उड्या मारताय!"

"ऱ्हाऊ द्या, वैनी. समजूत काडायला आलासा. प्रयत्नाला चेष्टा कुनी म्हनंल का?"

क्लबचे सेक्रेटरी भल्लाजी जवळच उभे होते. मुजावर त्यांच्याकडे वळला. "भल्लाजी, चेष्टा मतलब क्या?"

भल्लाजींनी पगडी मागे सारली. "चेष्टा? हिंदी का लफ़्ज़ है, भई. हम तो लाहौर में उर्दू पढ़े हैं."

घ्या! तेवढ्यात गोलकीपर, बुलंदशहरकडचा दांडगा गडी, गोलमधूनच ओरडला, "कोशिश, उस्ताद! स्कूल में मास्टरजी मार-मार के कहते थे, चेष्टा करो, बेटा, चेष्टा करो!"

मुजावर मटकन गवतावर बसला. मग हसायला लागला. "प्रयत्नाला चेष्टा म्हनत्यात! आरं काय भाषा हाय का काय ही!" हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मग हसू थांबलं तरी पाणी थांबेना. मी पदरानं स्वतःचे डोळे पुसले. विशीतली पोरं आमच्याकडे वेड्यासारखी बघत होती.

"चला आता ऑफिसात," मी म्हटलं.

"न्हाई, वैनी. भल्लाजींस्नी जबान दिलीया. रविवारची मॅच खेळनार, म्हनून. तेवढी खेळतो."

एक मॅच म्हणजे एक नसते, हे मला पत्ते खेळणाऱ्या नवऱ्यामुळे चांगलं ठाऊक होतं.

रविवारी आमचा अख्खा सेक्शन मैदानावर. जे जेवणाच्या टेबलावरून रुसले होते ते डबे घेऊन आले. त्रिपाठी साहेबसुद्धा शाल गुंडाळून आले. आणि मुजावर असा खेळला, असा खेळला की विचारू नका. एक गोल स्वतः केला. दुसऱ्याच्या वेळी समोर नुसता गोलकीपर उरला होता, मारला असता तर झालाच असता. पण यानं बॉल बाजूच्या कोवळ्या पोराकडे सरकवला आणि गोल त्याच्या नावावर. लोक वेडे झाले. "मराठा! मराठा!" मॅच संपल्यावर त्याला खांद्यावर घेतलं. भल्लाजी अक्षरशः हात जोडून म्हणाले, "दो साल, मुजावर. बस, दो साल और." ती गर्दीही ओरडायला लागली, "दो साल! दो साल!" मी मुमताजचा हात घट्ट धरला. तो वर, लोकांच्या खांद्यांवर, आणि चेहऱ्यावर असं काही की मला वाटलं, गेला हा. आपल्या हातून गेला. असा आवाज सोडून शिपायांच्या कोटांकडे कोण येईल?

सोमवारी मी मुद्दाम लवकर ऑफिसात गेले. तो माझ्याआधी येऊन बसला होता. पांढरा शर्ट, समोर फाइल. मान वर न करता म्हणाला, "वैनी, 'संस्तुति' म्हंजे काय वो? आता न इचारता काय बी समजून घेनार न्हाई."

मी म्हटलं, "शिफारस. आणि नीट बसा, पाठीला पोक येईल."

चेष्टेचा मराठी अर्थ पुढे त्रिपाठी साहेबांना कळला तेव्हा ते बिचारे इतके ओशाळले की त्यांनी मुजावरला बोलावून दोन्ही हात धरले. त्यानंतर त्यांनी तो शब्द उभ्या जन्मात कुठल्याही फाइलवर लिहिला नसावा. कोट मात्र त्याच हिवाळ्यात आले.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत, कारण ती ऑफिसातली वर्षं होती. परीक्षेत पहिल्यांदा नापास झाला, दुसऱ्यांदा पास. असिस्टंट झाला. केस पिकले, चष्मा लागला, आणि शेवटी त्याच मंत्रालयात सेक्शन ऑफिसर झाला. हाताखाली माणसं आली. "मुजावर साहब का ड्राफ्ट है, देखने की ज़रूरत नहीं," असं वरचे लोक म्हणायला लागले. मंत्रालय मोठं, माणसं बदलत जातात, जुने निवृत्त झाले. तो खेळायचा हे माहीत असणारे हळूहळू उरलेच नाहीत.

त्यानंही ते माहीत राहू दिलं नाही. घरातले कप पेटीत गेले, पेटी पलंगाखाली गेली. टीव्हीवर वर्ल्ड कपची मॅच असली की कॉलनीतली पुरुषमंडळी एका घरात जमायची. हा पिशवी घेऊन भाजी आणायला निघायचा. मला ते अति वाटायचं. एकदा मी म्हटलंच, "अहो, एवढं कसलं सोवळं पाळता? नुसतं बघितल्यानं काय बिघडतं?"

"दारू सोडलेल्यानं गुत्त्याम्होरनं जाऊ ने, वैनी," तो म्हणाला आणि भाजी आणायला गेला.

मी त्याच्या आधी निवृत्त झाले आणि आम्ही नोएडाला राहायला गेलो. त्याच्या निरोपसमारंभाला मात्र त्यानं मला घरी येऊन आमंत्रण दिलं. महिन्याभरात ते कोल्हापूरला कायमचे परतणार होते. त्यानंतर फोनवर बोललो, पण पाहिलं ते त्या दिवशी शेवटचं.

हॉल भरला होता. जॉइंट सेक्रेटरी बोलले, डेप्युटी सेक्रेटरी बोलले, दोन तरुण मुली बोलल्या. मुजावर साहेबांनी आम्हाला टिपण लिहायला शिकवलं. कधी फाइल अडवली नाही. कधी आवाज चढवला नाही. "ऐसा अफ़सर अब नहीं मिलेगा," म्हणताना एका मुलीला रडूच आलं. पहिल्या रांगेत तो मुमताजशेजारी बसला होता, गळ्यात झेंडूचा हार, ताठ. माझ्या जिभेला नुसती खाज सुटली होती. शेवटी विचारलं गेलं, आणखी कुणाला बोलायचंय? मी उठायला लागले. त्यानं मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली. नको. मी बसले.

शेवटच्या दिवशी ऑफिसची गाडी घरापर्यंत सोडायला जाते, ही सरकारी रीत. मुमताज आणि मी मागे, तो ड्रायव्हरशेजारी, मांडीवर हार आणि भेट मिळालेलं घड्याळ. गाडी इंडिया गेटच्या वळणावर आली तेव्हा तो मागे वळला. चेहरा नुसता फुललेला.

"वैनी, ऐकलंसा? एकानंबी फुटबॉलचं नाव काडलं न्हाई!"

"मिळवलंत, मुजावर," मी म्हटलं. मनापासून म्हटलं. "जे म्हणाला होतात ते करून दाखवलंत."

तो हसला आणि पुढे वळला. सिग्नल लागला, सुटला, पुढचा लागला. मुमताज बाहेर बघत होती. बऱ्याच वेळानं पुन्हा त्याचा आवाज आला, पण यावेळी त्यानं मान वळवली नाही.

"एकानंबी न्हाई, वैनी."

तेवढ्यात ड्रायव्हरनं, तरणाताठा मुलगा होता, आमच्या मघाच्या मराठीतला एकच शब्द धरून विचारलं, "साहब, फुटबॉल? कौन खेलता था?"

मुजावर काचेतून रस्त्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "था एक."

अहो, मग मात्र मला राहवेना. हॉलमध्ये गप्प बसवलंत, बसले. इथे नाही! "था एक क्या?" मी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "ये! ये जो आपके बगल में बैठे हैं, ये खेलते थे! लेफ्ट आऊट! पूरी दिल्ली चिल्लाती थी इनके लिए!" आणि मी जी सुटले ती सुटलेच. दिल्ली गेट, भल्लाजी, खांद्यावरची मिरवणूक, सगळं. ओ की ठो कळत नसताना फुटबॉल समजावून सांगितला मी त्या पोराला. बोलताना एक डोळा मुजावरवर होता, आता अडवेल, मग अडवेल. त्यानं अडवलं नाही. मान खाली घालून ऐकत राहिला.

गाडी लक्ष्मीबाई नगरात आली, ब्लॉकसमोर थांबली. मुमताज उतरली, मी उतरले. तो बसूनच. मुमताजनं त्याच्या बाजूचं दार उघडून धरलं, तरी तो उतरेना.

"वो तो कुछ नहीं," तो ड्रायव्हरला म्हणत होता. "कलकत्ते में एक बार क्या हुआ, मालूम है क्या..."

मुलानं इंजिन बंद केलं.